वर पडलेलं, खाली सापडलेलं

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "टायपिंग किती स्पीडनं करता?"

मी म्हटलं, "चांगलं करते."

"बोलू नका जी, दाखवा."

आणि खरोखरच त्यांनी आतून एक जुना इंग्रजी टाइपरायटर आणून ओट्यावर ठेवला, कागद चढवला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. माझी आई शेजारी पिशवी घेऊन उभी होती. तिला वाटलं, हे सरकारी कचेरीचं दुसरं दार असावं. अर्ध्या तासानं पत्र पूर्ण झालं. घरमालकांनी, म्हणजे पुढे आमच्या झालेल्या काकांनी, ते उजेडात धरून वाचलं, एकही चूक नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "वरची खोली तुमची."

तेव्हा मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. साठचं दशक संपत आलं होतं. अजनीकडच्या त्या गल्लीत आम्ही मायलेकी तेरा वर्षं राहिलो, आणि त्या तेरा वर्षांत मी कचेरीत जेवढी पत्रं टाइप केली नसतील तेवढी काकांची केली. सगळी एकाच विषयावर.

विषय असा. नागपूरच्या आजूबाजूला माळरानावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. कोणी फार पूर्वीच्या माणसांनी आपले मेलेले लोक तिथं पुरले आणि भोवती धोंडे मांडले. आत काळी-तांबडी मडकी सापडतात, लोखंडाच्या कुऱ्हाडी सापडतात, घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी सापडते. विद्वानांचं म्हणणं होतं की ही माणसं भटकी, बाहेरून आलेली आणि लोखंडही बाहेरून तयार घेऊन आलेली. काकांचं म्हणणं होतं, लोखंड इथंच बनलं. इथल्या दगडातून, इथल्या भट्टीत.

काका विद्वान नव्हते. रेल्वेच्या कारखान्यात, जिथं लोखंड वितळवून ओततात त्या फौंड्रीत ते पस्तीस वर्षं होते, शेवटी फोरमन होऊन निवृत्त झाले. कळमेश्वरकडच्या एका गावी एका सोबत्याच्या तेराव्याला गेले असताना त्यांना शेताच्या बांधावर काळे, जड, बुडबुडे आल्यासारखे गोटे दिसले. गावातले लोक त्यांना जळका दगड म्हणत आणि कुत्र्यांना मारायला वापरत. काकांनी एक उचलला. जेवणाचं पान वाढलेलं असताना ते बांधावरच बसून राहिले.

"स्लॅग होता जी," ते मला सांगत. "लोखंड पिघळते तेव्हा वर जो कचरा येते न, तो. पस्तीस वर्षं मी हेच फेकून राहिलो होतो. मले कोणी शिकवाची गरज हाय का?"

त्या दिवसापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोरी बांधलेलं एक लोहचुंबक आलं. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याच्या पातेल्याला चुंबक लावून बघत. दवाखान्यात डॉक्टरांच्या नळीला लावून बघत. शेजारच्या बाईंनी हौसेनं चांदीची म्हणून आणलेली समई काकांच्या चुंबकाला चिकटली तेव्हा दोन घरांचं बोलणं सात महिने बंद होतं. काकू म्हणत, "ह्याइले कोणाच्या घरी नेऊ नये वं बाई. जे नाही विचारलं ते सांगून येतात."

घरात गोट्यांची कपाटं होती. प्रत्येक गोट्याला कागदाची चिठ्ठी: कुठं सापडला, कोणत्या दिवशी, वर पडलेला की मातीत अर्धा गाडलेला. चिठ्ठी नसलेला गोटा काका घराबाहेर ठेवत, कितीही सुंदर असला तरी. एकदा आईनं झाडताना तीन चिठ्ठ्या खाली पाडल्या आणि घाबरून अंदाजानं परत लावल्या. काकांनी ते ऐकून घेतलं, रागावले नाहीत, आणि तिन्ही गोटे नेऊन नाल्यात टाकून आले. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

पत्रव्यवहाराची तऱ्हा अशी होती. काकांनी पुराण्या वास्तू सांभाळणाऱ्या कचेरीला लिहिलं की इथं प्राचीन लोखंडाचा पुरावा आहे, येऊन बघावा. पाच महिन्यांनी उत्तर आलं, लोखंड हा विषय खनिजवाल्यांचा, तिकडे लिहावं. खनिजवाल्यांनी कळवलं की दफनभूमी हा विषय त्यांच्या कक्षेत येत नाही. काकांनी दोन्ही उत्तरं एकमेकांना पाठवून दिली. मग दोघांकडून एकच उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं, विचार चालू आहे. काकांना त्यात आनंद झाला. "विचार करून राहिले म्हणतात. आतापर्यंत तेही नव्हतं."

एका मे महिन्यात काकांनी परसात भट्टी बांधायला घेतली. लोखंड जुन्या पद्धतीनं, चिखलाच्या भट्टीत आणि साध्या लोणारी कोळशावर निघतं हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी भिवापूरकडून लोखंडाच्या दगडाची दोन पोती एसटीच्या टपावर टाकून आणली. भिवापूर मिरचीचं गाव, तिथलं पोतं म्हटल्यावर गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या. मिरचीऐवजी तांबडे दगड बघून त्या गेल्या, पण काकांच्या डोक्याबद्दल त्यांची खात्री त्या दिवशी झाली.

भट्टीबाबत काकांची एक पक्की समजूत होती. ते म्हणत, जुन्या लोकांनी भाता वापरलाच नाही. टेकडीच्या अंगाला भट्टी बांधायची, तोंड पश्चिमेला ठेवायचं, वारा आपोआप आत शिरतो. ह्या वाऱ्यावर त्यांनी वीस पानं लिहिली होती. ती मी चार वेळा टाइप केली, कारण दर वेळी वाऱ्याची दिशा थोडी बदले.

काकूंनी परसात उभं राहून पहिल्या दिवशीच सांगितलं, "फुकल्याबिगर माही चूल पेटत नाही. तुमची एवढी मोठी भट्टी कशी पेटन?"

"अवं, चूल वेगळी अन् भट्टी वेगळी."

"आग तर एकच हाय न."

"तुले त्यातलं समजत नाही."

नागपूरच्या मे महिन्यात ती भट्टी तीन वेळा पेटली. पहिल्या खेपेला चिखल तडकला. दुसऱ्या खेपेला दगड नुसते भाजून निघाले. वारा पडला होता म्हणून, असं काका म्हणाले. तिसऱ्या खेपेला शेजाऱ्यांचं कुडाचं कुंपण पेटलं आणि महापालिकेचा माणूस आला. काकांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि लोखंड कसं निघतं ते दोन तास समजावलं. तो जाताना म्हणाला, "तुम्ही हे बंद करा, मी लिहीत नाही. ऐकायची माझी ताकद नाही."

चौथ्या खेपेला काकांनी फौंड्रीतला एक जुना भाता लावला, "टेम्पररी, वारा येईपर्यंत." त्या दिवशी भट्टीच्या तळाशी बोराएवढं लोखंड निघालं आणि भोवती काळी, बुडबुड्यांची चिकट मळी साचली. थंड झाल्यावर काकांनी ती शेतातल्या गोट्याशेजारी ठेवली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. दोन्ही भावंडं वाटत होती. काकूंनी भात्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "तो मुद्दा वेगळा हाय."

त्याच वर्षी नागपुरात विद्वानांची एक परिषद भरली. काकांनी इतकी पत्रं पाठवली की त्यांना कंटाळून पाच मिनिटं दिली गेली, तीही जेवणाच्या आधीची. मी कचेरीतून रजा घेऊन गेले होते. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि कोटाच्या दोन्ही खिशांत गोटे होते, त्यामुळे ते पुढे झुकून चालत होते. त्यांनी भाषण केलंच नाही. टेबलावर दोन गोटे ठेवले आणि म्हणाले, "हा शेतातला. हा मी परसात बनवला. पाहून घ्या जी."

अध्यक्ष मोठे नावाजलेले होते, खांद्यावर रेशमी उपरणं. त्यांनी गोट्यांना हात लावला नाही. हसून म्हणाले, "फोरमनसाहेब, गावोगाव फिरणारे लोहार शेकडो वर्षं भट्ट्या लावत आले आहेत. तुमचा हा गोटा शेताच्या वर पडलेला. तो तीन हजार वर्षांपूर्वीचा की तुमच्या आजोबांच्या वेळचा, हे कशावरून ठरवायचं?" सभागृह हसलं. मागून कोणीतरी "फौंड्रीत विचारा" म्हणालं.

काका खाली आले तेव्हा माझे डोळे भरले होते. रिक्षात मी त्या अध्यक्षांना बरंच काही बोलले. काकांनी मला थांबवलं.

"बाई, तो माणूस बरोबर बोलला."

"अहो, पण हसले ते."

"हसणं सोडा. वर पडलेला गोटा कोणाचाही असू शकते. मले हे आधीच समजायले पाहिजे होतं. खाली सापडला पाहिजे. त्या मडक्यांच्या थराखाली, कोणी हात न लावलेल्या मातीत." घरी येऊन त्यांनी कपाटं उघडली आणि 'वर पडलेला' अशी चिठ्ठी असलेले सगळे गोटे बाहेर काढले. शंभरेक असतील. तीन कपाटांचं एक कपाट झालं.

मी म्हटलं, मग शेतात जाऊन खणून बघा. ते इतके गंभीर झाले की मी खुर्ची मागे सरकवली. "आपण खणलं का पुरावा मेला. कोणत्या थरात काय होतं हे मग फक्त आपल्या तोंडून राहते. अन् माह्या तोंडाला कोण विचारते?"

त्यानंतर पाच वर्षं काहीच झालं नाही. आमची पत्रं जात होती, विचार चालू होता.

मग एका एप्रिलमध्ये कळमेश्वरकडच्या त्या गावचा एक शेतकरी दारात आला. त्याच्या शेतात विहीर खणणं चाललं होतं. कमरेएवढं खाली गेल्यावर भाजलेल्या मातीची गोल भिंत लागली होती, आत काळे गोटे होते, आणि भोवती काळी-तांबडी खापरं. काकांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तो काम थांबवून आला होता. पण तो अडचणीत होता. त्याची संत्र्याची झाडं तीन वर्षांची, जुनी विहीर आटलेली.

"काका, आठ दिवस थांबतो. त्याच्यावर माही झाडं नाही थांबत," तो म्हणाला.

काका पुढच्याच एसटीनं त्याच्याबरोबर गेले. मी तारा केल्या, चार कचेऱ्यांना आणि विद्यापीठाला. काका खड्ड्याच्या काठावर छत्री उघडून बसले, कारण गावातले लोक बघायला येत होते आणि प्रत्येकाला एक गोटा घरी न्यायचा होता. सकाळी बसायचे ते सूर्य मावळेपर्यंत; रात्री शेतकरी काठावर बाज टाकून झोपे. दुपारी काकू डबा घेऊन बसनं जात. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "हा माणूस उन्हात मरन बाई, अन् सरकार म्हणन का विचार चालू हाय."

पाचव्या दिवशी काकांना ऊन लागलं. शेतकऱ्यानं त्यांना झाडाखाली नेऊन कांद्याचा रस चोळला. तिथं पडल्या पडल्या त्यांनी त्याला विचारलं, "विहीर वीस पावलं पूर्वेला घेतली तर?"

"पुन्हा पहिल्यापासून खणा लागन. कोन खणन? माही मानसं गेली."

दुसऱ्या दिवशी, काकूंबरोबर धाडलेल्या निरोपावरून, अजनीहून अकरा म्हातारे एसटीनं त्या गावी उतरले. सगळे फौंड्रीतले, सगळे निवृत्त. एकाला दमा होता, तो फक्त मोजमाप घेत होता. त्यांनी गावातल्या चार मजुरांबरोबर वीस पावलं पूर्वेला नवी विहीर खणायला घेतली. मी रविवारी गेले तेव्हा त्यांतला एक मला म्हणाला, "बाई, त्याचं खूळ खरं हाय का खोटं मले माहीत नाही. पण हा माणूस फौंड्रीत कधी खोटं वजन बोलला नाही." खणायला घेतल्यापासून बाराव्या दिवशी पाणी लागलं. गढूळ, पण भरपूर.

आणि तेराव्या दिवशी विद्यापीठातून एक मुलगी आली. कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. आमची तार तिच्या साहेबांच्या टेबलावर पडलेली तिनं वाचली होती आणि कोणालाही न विचारता बस पकडली होती. तिनं खड्ड्यात वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "कोणी हात लावलाय?"

"नाही जी," काका म्हणाले. "मी बसून होतो."

ती खड्ड्यात उतरली आणि तासभर मातीचे थर बघून वहीत टिपत राहिली. काका काठावर उभे होते. त्यांच्या हातातली छत्री मिटलेली होती, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. वर आल्यावर ती म्हणाली, "भट्टी आहे. आणि त्याच मडक्यांच्या थरात आहे." काका खाली बसले. शेतकऱ्यानं पाणी आणलं. ते प्यायचं विसरून त्यांनी चेहऱ्यावर ओतून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात रीतसर उत्खनन झालं. भट्टी निघाली, स्लॅग निघाला, शेजारी घरांच्या जमिनी निघाल्या. म्हणजे ती माणसं नुसती भटकीही नव्हती. आणि भट्टीच्या तोंडाशी मातीची एक जाड नळी निघाली, जिच्यातून भात्याचा वारा आत सोडतात. आतून ती वितळून काचेसारखी झाली होती. त्या मुलीनं ती काकांच्या हातात दिली. काकांनी ती फिरवून फिरवून बघितली, परत दिली आणि पुढच्या बसनं नागपूरला आले. मी ओट्यावर भाजी निवडत होते. ते थेट स्वयंपाकघरात गेले.

"भाता होता वं," ते काकूंना म्हणाले. "तुह्यं बरोबर होतं."

काकूंनी फोडणीवरून नजर काढली नाही. "हात धुवा, जेवाले बसा," एवढंच म्हणाल्या. जेवण झाल्यावर काकांनी वाऱ्याची वीस पानं काढली, प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली आणि शेवटी लिहिलं, 'चूक'. मला ते बघून वाईट वाटलं, चार वेळा टाइप केलेलं. त्यांना काहीच वाटलं नाही.

वर्षभरात सगळं बदललं. ज्यांनी हसून घेतलं होतं ते लेख लिहू लागले. अध्यक्षांचा लेख सर्वांत मोठा होता. त्यात म्हटलं होतं की स्थानिक लोखंडाची शक्यता आपण फार पूर्वीपासून ध्यानात ठेवली होती. काकांचं नाव तळटिपेत होतं, तेही आडनाव चुकवून. मी चिडले. काका म्हणाले, "त्यानं मानलं न? मग झालं. भट्टी काही माही नव्हती."

मग सत्काराची टूम निघाली. हॉल भाड्यानं घेतला, हार आले, शाल आली, अध्यक्षस्थानी तेच उपरणं. एकामागून एक भाषणं झाली. एका वक्त्यानं काकांना द्रष्टे म्हटलं, दुसऱ्यानं ऋषी. मी काकांकडे बघत होते. ते अस्वस्थ होऊन खुर्चीत सरकत होते. त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा त्यांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. मग म्हणाले, "मी आज एक नवीन गोष्ट सांगतो. हे धोंडे उचलणारी माणसं नऊ फूट उंच होती."

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. अध्यक्षांनी कागदावर टिपून घेतलं.

काका वाट बघत उभे राहिले. कोणीतरी हात वर करील, कशावरून म्हणील, अशी ते खरोखर वाट बघत होते. टाळ्या थांबल्या आणि सगळे त्यांच्याकडे प्रेमानं बघत राहिले. "हे खोटं हाय," ते म्हणाले. "मी आत्ता बनवलं." लोक हसले. त्यांना वाटलं, ऋषी विनोदी आहेत. आणखी टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात काकांचा हारातला फोटो आला आणि खाली नऊ फुटांची बातमी. आम्ही खुलासा पाठवला. छापून आला नाही. पुन्हा पाठवला. संपादकांनी कळवलं की इतक्या मान्यवर संशोधकाचं मत खोडून काढायचं तर तसाच सबळ आधार हवा. सहा खुलासे मी टाइप केले. त्या महिन्यांत काका मला पहिल्यांदा म्हातारे वाटले. जेवता जेवता मध्येच म्हणत, "नऊ फूट म्हटलं अन् एकानंही विचारलं नाही." काकू ताटात वाढत राहत.

पावसाळ्यानंतर एकदा शेतकऱ्यानं संत्र्यांचा पहिला बार बघायला बोलावलं म्हणून आम्ही तिघं गेलो. फाट्यावर उतरून चहाच्या टपरीवर बसलो. बाकावर एक गुराखी बसला होता, चाळिशीचा, मांडीवर काठी. आम्ही परगावचे बघून त्यानं आपणहून माहिती दिली, "ते धोंडे पाहाले आले काय? तिथं नऊ फुटाची मानसं राहत."

काकांनी कप खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"नागपूरचा एक लय मोठा मानूस हाय. पेपरात आलं होतं."

"तो मोठा माणूस मीच हो. अन् ते खोटं हाय. मीच उगाच बोललो होतो."

गुराख्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. चपलेला चिखल, हातात काकूंची पिशवी. "तुमी?" तो म्हणाला. "कशावरून?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन सांगायला लागले की हे खरंच ते आहेत, मी त्यांच्या घरी राहते. त्यांनी हातानं मला थांबवलं. काकूंच्या हातात पिशवी दिली, बाकावर त्या गुराख्याच्या शेजारी सरकून बसले आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत इतका खुललेला मी बघितला नव्हता.

"बरोबर हाय गा तुह्यं," ते त्याला म्हणाले. "मले एक सांग. तुले काय दाखवलं म्हणजे पटन?"

शेतकरी बांधावरून आम्हाला हाक मारत होता. काकू आणि मी पुढे निघालो. संत्री बघून, झाडाखाली बसून, पोटभर खाऊन आम्ही परत आलो, तेव्हाही ते दोघं त्या बाकावरच होते, आणि गुराख्याला अजून पटलेलं नव्हतं.